गुजराती मीडियममधून थेट बी.ई.: ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स डोक्यावरून जातंय, काय करू?

प्रतापनगर_साइडिंग

नमस्कार. मी बडोद्याची, वाडीत राहते. यंदा बी.ई. मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण इथे अर्धं बडोदं वाचतं आणि उरलेल्या अर्ध्यात माझी आत्या आहे.

घरात मराठी, शाळा बारावीपर्यंत गुजराती मीडियम, आणि आता वर्गात सगळं इंग्लिश. बारावीला मार्क चांगले होते, गुजसेटही (गुजरातची प्रवेश परीक्षा) ठीक गेली होती. एसीपीसीचे (प्रवेश देणारी राज्याची समिती) राउंड लांबले म्हणून प्रवेश उशिरा झाला. मग इंडक्शन, मग नवरात्र, आणि घागऱ्याची घडी घालून होत नाही तोच मिड-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा. निकाल काय लागला असेल ते शीर्षकावरून समजून घ्या.

केमिस्ट्री आणि सी प्रोग्रॅमिंगचं जमतंय. मॅथ्स पाठ केल्यासारखं का होईना, पण होतं. अडतंय ते ड्रॉइंग आणि मेकॅनिक्समध्ये. ड्रॉइंगला सर फळ्यावर एक्स-वाय लाइन मारतात, ‘लाइन एबी अमुक मिलिमीटर, एचपीशी ३० अंश, व्हीपीशी ४५ अंश’ असं बोलतात (एचपी म्हणजे आडवी पातळी, व्हीपी म्हणजे उभी) आणि अख्खा वर्ग खाली मान घालून काढायला लागतो. मी बाजूच्या मुलाच्या शीटकडे बघते. तो माझ्या शीटकडे बघत असतो. खोडून खोडून कागद असा फुलतो की त्यावर परत पेन्सिल चालत नाही. मेकॅनिक्सचे फॉर्म्युले सगळे येतात, पण गणित सुरू कुठून करायचं तेच कळत नाही. प्रश्नाचं इंग्लिश समजून घेईपर्यंत बाकीच्यांचं पान भरलेलं असतं.

आमच्या बॅचला मुली बोटांवर मोजण्याइतक्या. वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबला कानस धरली की पोरं बघायला येतात, त्याचा वैताग वेगळाच.

घरी विचारायचं तर आईचा विषय नाही. बाबा रेल्वेत फिटर आहेत, प्रतापनगरला. त्यांना शीट दाखवली तर म्हणाले, ‘मला काय तुझं कॉलेजचं कळतंय बेटा.’ आत्या म्हणते अजून वेळ गेली नाही, बीएस्सी कर.

आता मुद्द्याचं विचारते. आधी इंग्लिश सुधारू की ड्रॉइंगच्या मागे लागू? दांडिया बाजारात एक क्लास आहे, प्रत्येक विषयाची फी वेगळी घेतात. लावावा का? का सरळ कॉम्प्युटरला ब्रँच बदलायचा अर्ज टाकू? आमच्या बाजूच्या काकूंचा मुलगा म्हणतो, तिथे ही भानगड नाही.

---

इलेक्ट्रिकलवाला

सेकंड इयर आहे, तुझाच सीनियर समज. पहिली गोष्ट, मिड-सेमवरून एवढं टेन्शन नको घेऊस. आमच्या बॅचमधले बारावीला नव्वद टक्केवाले पण मिड-सेमनंतर कॅन्टीनमध्ये गप्प बसले होते. एटीकेटी (विषय राहून पुढच्या सेमला जाणं) आली तरी आभाळ कोसळत नाही. पण स्कॉलरशिप घेत असशील तर जपून, रिन्यूअलला हजेरी आणि निकाल दोन्ही बघतात. अटी वाचून ठेव, मित्रांवर विसंबू नकोस.

दुसरं, कॉम्प्युटरला ड्रॉइंग नसतं हे तुला सांगणाऱ्या मुलाने कॉम्प्युटर नुसतं लांबून बघितलेलं दिसतंय. पहिलं वर्ष बऱ्याच ठिकाणी सगळ्या ब्रँचना कॉमन असतं. आम्ही इलेक्ट्रिकलवाल्यांनीसुद्धा शंकू कापलेत.

फाइल आणि टर्मवर्क त्या त्या आठवड्यात सही करून घेत जा. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं लिहायला बसलेली माणसं परीक्षेला झोपलेली असतात. आणि झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षांच्या पेपरांचा गठ्ठा मिळतो, तो आधी घे, क्लास नंतर बघ. इंग्लिशचं म्हणशील तर मी पण गुजराती मीडियमचा. दिवाळीच्या सुटीनंतर कधी जमायला लागलं ते कळलंसुद्धा नाही.

---

टू_एच

तुझ्या पोस्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य तू घाईत लिहून पुढे निघून गेलीस. बाबा फिटर आहेत.

मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका डिझाइन ऑफिसात आहे, मशिनच्या पार्टांची ड्रॉइंग काढते आणि तपासते. खाली शॉपमधले फिटर माझं ड्रॉइंग घेऊन वर येतात आणि विचारतात, ‘ताई, हे माप या कडेपासून का त्या भोकाच्या मध्यापासून?’ बऱ्याचदा त्यांचा प्रश्न बरोबर असतो आणि माप द्यायचं राहिलेलं असतं. कागदावरच्या तीन सपाट चित्रांवरून हातातल्या लोखंडाला नेमकी कुठे कानस लावायची हे ज्याला समजतं, त्याला प्रोजेक्शन येतं. त्याला त्या धड्याचं नाव माहीत नसतं, एवढंच. तेव्हा बाबांना शीट दाखवू नकोस. शीटवरची ती हवेत लटकणारी लाइन एबी बघून कोणीही म्हणेल मला कळत नाही. त्यांना एखादी वस्तू दे आणि म्हण, ‘हिचं ड्रॉइंग कसं असतं ते दाखवा.’

बारावीपर्यंत आपल्याला प्रश्न ओळखायला शिकवतात. हा अमुक प्रकार, याला तमुक फॉर्म्युला. इथे ओळखून भागत नाही, आधी चित्र उभं करावं लागतं, फॉर्म्युला त्याच्या मागून येतो. ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे दोनच विषय अडतायत यात मला तरी काही नवल वाटत नाही. रोग एकच आहे.

आता ती लाइन एबी. खोलीच्या कोपऱ्यात बस. जमीन म्हणजे एचपी, समोरची भिंत म्हणजे व्हीपी, दोन्ही जिथे मिळतात ती कड म्हणजे एक्स-वाय. केरसुणीतली एक सरळ काडी घे, बरोबर १०० मिलिमीटर कापून, आणि कणकेच्या गोळीत रोवून जमिनीवर तिरकी उभी कर. जमिनीशी ३० अंश, भिंतीशी ४५ अंश, जमेल तितकं. मोबाइलच्या टॉर्चने सावली पाडून मोजायचा मोह होईल. मोजू नकोस, टॉर्चचे किरण पसरतात म्हणून सावली मोठी पडते. प्रोजेक्शनमध्ये किरण समांतर धरलेले असतात. बाबांचा काटकोनाचा गुण्या माग, तो जमिनीवर उभा लाव, काडीच्या वरच्या टोकाच्या बरोबर खाली जमिनीवर खूण कर. तसंच टोकाच्या समोर भिंतीवर खूण कर. खालच्या टोकाच्याही खुणा कर आणि जोड.

जमिनीवरची रेघ साधारण ८६.६ भरेल, भिंतीवरची ७०.७. १०० कुठेच सापडणार नाही. दोन्ही चित्रं काडीला तिच्या खऱ्या लांबीपेक्षा आखूड दाखवतात, कारण काडी दोघांनाही तिरकी आहे. ‘ट्रू लेंथ काढा’ हा प्रश्न मुळात का विचारतात ते इथे दिसतं.

मग काडीचं वरचं टोक चिमटीत धर आणि जमिनीशी असलेला ३० अंशाचा कोन न बदलता तिला गोल फिरव. भिंतीला समांतर झाली की थांब. आता भिंतीवरच्या रेघेत पूर्ण १०० दिसतील आणि ३० अंशही खरे दिसतील. फिरवताना टोकाची जमिनीपासूनची उंची बदलली का? नाही. सर फळ्यावर जी आडवी लोकस लाइन मारतात, ती ही न बदललेली उंची आहे. तसंच भिंतीशी कोन कायम ठेवून फिरवलीस तर भिंतीपासूनचं अंतर बदलत नाही, ती दुसरी लोकस लाइन. चार ओळींची ती पद्धत अख्खा वर्ग पाठ करतो, पण ती या दोन फिरवण्यांत संपते.

शेवटी समज, एक्स-वाय ही बिजागरी आहे आणि जमीन बिजागरीवरून खाली पडली. भिंत आणि जमीन एकाच सपाटीत आली. म्हणून आपल्याकडे कॉलेजात टॉप व्ह्यू, म्हणजे जमिनीवरचं चित्र, खाली येतो आणि फ्रंट व्ह्यू, म्हणजे भिंतीवरचं, वर. तीस आणि पंचेचाळीस मिळून पंचाहत्तर होतात हेही ध्यानात ठेव. दोन्ही कोनांची बेरीज नव्वदच्या वर गेलेली काडी या जगात उभीच राहू शकत नाही. उत्तर तसं यायला लागलं तर समज, वाचताना काहीतरी उलटं झालंय.

सेक्शन ऑफ सॉलिड्सला, म्हणजे घन वस्तू कापून दिसणाऱ्या छेदाला, शंकू म्हणून गाजर घे आणि धारदार सुरी. आडवं कापलं की गोल, तिरकं कापलं की एलिप्स, बाजूच्या उताराला समांतर कापलं की पॅराबोला. हलवा नंतर आईकडून करून घे.

शीट फुलण्याचं कारण पेन्सिल आहे. रचनेच्या रेघा टू-एच या कडक पेन्सिलीने, इतक्या हलक्या की हात लांब केला तर दिसू नयेत, आणि त्या खोडायच्याच नाहीत. शेवटच्या रेघा एच किंवा एचबीने. मिनी-ड्राफ्टरचा (बोर्डावर लावायच्या पट्ट्यांच्या साधनाचा) स्क्रू ढिला असेल तर तुझ्या सगळ्या समांतर रेघा आपापल्या वाटेने जातील, शीट लावल्यावर आधी तो आवळ.

मेकॅनिक्सचंही तेच. शिडीचा प्रश्न घे: भिंत गुळगुळीत, जमिनीवर घर्षण, शिडी घसरायच्या बेतात. पोरं भिंत, जमीन, शिडी, विटा, सगळं काढतात आणि त्या चित्रावर बाण मारतात. फ्री बॉडी म्हणजे शिडी उचलून कोऱ्या कागदावर ठेवायची. भिंत पुसली, तिच्या जागी एक आडवा बाण. जमीन पुसली, तिच्या जागी दोन बाण, एक वर आणि एक भिंतीच्या दिशेने, कारण पाय बाहेर घसरायला बघतोय आणि घर्षण त्याला अडवतंय. मध्यावर वजन, खाली. झालं, चार बाण. त्यापेक्षा जास्त निघाले तर एखादा बाण शिडीने जमिनीला मारलेला असणार, तो आपला नाही. मग आडवी बेरीज शून्य, उभी बेरीज शून्य, आणि खालच्या पायाभोवती मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, शून्य. घर्षणाचा गुणांक ०.३ असला तर जमिनीशी कोन निदान ५९ अंश हवा असं निघतं. आणि एक मजा बघ, शिडीची लांबी आणि वजन दोन्ही कटून जातात. हे स्वतःच्या हाताने कटताना एकदा बघ, मग फॉर्म्युला पाठ करायची गरज राहणार नाही.

वर्कशॉपचं: व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) तुझ्या कोपराच्या उंचीला यायला हवा. खूप वर असेल तर कानस डुलते आणि जॉबच्या कडा गोल होतात, मग पोरं म्हणतात मुलींना जमत नाही. पायाखाली फळी मागून घे, लाजू नकोस. लेथजवळ ओढणी नाही, वेणी आत. बघे लोक दोन जॉबनंतर कंटाळतात.

क्लास लावायचा का हे तूच ठरव. काडी आणि शिडी आधी कर. कॉम्प्युटरला जायचं तर कॉम्प्युटर आवडतं म्हणून जा, ड्रॉइंगला घाबरून पळायचं म्हणून नको.

---

बाबाजीपुरा_काका

टू_एच ताईंनी छान लिहिलंय, काडीचं तर फारच. पण थोडं उलट बोलतो, राग मानू नये. मी आयुष्यभर पोरांचे पेपर तपासलेत. फिटर वडिलांकडून मुलगी मापं घालायला शिकेल, पार्ट वाचायला शिकेल, पण कारखान्यात कोणी हवेतल्या रेषेचे ट्रेस (रेषा वाढवली की ती जमिनीला आणि भिंतीला जिथे भिडते ते बिंदू) काढ म्हणून सांगत नाही. परीक्षेत सांगतात. तिथे वेळ मोजका आणि शीट एक. पेपर सुटायला पेपरच सोडवावे लागतात, घड्याळ समोर ठेवून. काडी रविवारी करा, पण सोमवार ते शनिवार जुने पेपर.

इंग्लिशबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. बेटा, तुला कादंबरी वाचायची नाहीये. या विषयांच्या प्रश्नपत्रिकेत फिरून फिरून तेच शे-दीडशे शब्द येतात. एक वही कर, जुन्या पेपरांतून शब्द काढ, समोर गुजरातीत किंवा मराठीत लिही, तुला जे जवळचं वाटेल त्यात. ‘रिस्पेक्टिव्हली’ आला की थांब आणि पहिला आकडा पहिल्या नावाला, दुसरा दुसऱ्याला, असा पेन्सिलीने जोड. या एका शब्दावर मार्क गेलेले मी पोत्याने पाहिलेत. ‘निग्लेक्ट द वेट’ असेल तर वजनाचा बाण काढायचा नाही. ‘हेन्स’ असेल तर आधीच्या भागाचं उत्तर वापरायचं, नव्याने सुरू करायचं नाही. आणि प्रश्न वाचता वाचता बाजूला चित्र काढत जायचं. वाक्य संपलं की चित्र संपलं पाहिजे. मग इंग्लिशकडे परत बघावं लागत नाही.

आता बडोद्याचा म्हटल्यावर थोडं पाल्हाळ लावू द्या. महाराज सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तेव्हा तिची जबाबदारी त्रिभुवनदास गज्जरांकडे दिली. हे गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, जातीने आणि वृत्तीने कारागीर. त्यांचा आग्रहच होता की रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांचं शास्त्र लोकांच्या भाषेतून शिकवावं, त्यासाठी पुस्तकं लिहून घ्यावीत. सुताराचा पोरगा इंग्रजी येत नाही म्हणून बाहेर उभा राहू नये, एवढी साधी गोष्ट. सिनेमावाले दादासाहेब फाळके इथेच शिकून गेले. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, कलाभवन त्यात गेलं. माध्यमही कधीतरी इंग्रजी झालं. त्याचे फायदेही झाले, आमच्यासारख्यांना देशभर नोकऱ्या मिळाल्या. पण गुजराती शाळेतून आलेल्या मुलीला आपण इथे उपऱ्या आहोत असं वाटत असेल तर तिने कलाभवनच्या त्या वास्तूतून एकदा चालत जावं. ती वास्तू तिच्यासारख्यांसाठीच उभी राहिली होती.

आणि आत्याबाईंना सांगा, बडोदा कॉलेजात शिकणारे विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले आणि सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेले. शिक्षण सोडायचं तर कारण तेवढं मोठं पाहिजे. एका ड्रॉइंग शीटवरून कोणी काशीला जात नाही.

---

टू_एच

काका, राग कसला. जुने पेपर हवेतच, त्यावर वाद नाही. पण चित्र डोळ्यांसमोर उभं न राहता सोडवलेला पेपर म्हणजे पाठ केलेला पेपर. प्रश्नात लाइनचं एक टोक एचपीच्या खाली टाकलं की असली मुलं मान वर करून पर्यवेक्षकाकडे बघतात. मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा डिग्रीवाल्यांना टेबलावरचा पेपर-पंच उचलून देते आणि फ्रंट व्ह्यू काढ म्हणते. पेन्सिल कुठे टेकवायची यावरच माणूस कळतो.

‘रिस्पेक्टिव्हली’चं मात्र शंभर टक्के. ते माझ्या ध्यानातही आलं नसतं.

---

इलेक्ट्रिकलवाला

काका, ती शब्दांची वही तुमच्याकडे तयार असेल तर फोटो टाका ना. अर्धा हॉस्टेल दुवा देईल.

---

बाबाजीपुरा_काका

तयार वहीचा काडीमात्र उपयोग नाही. स्वतः लिहावी लागते.

---

प्रतापनगर_साइडिंग

सगळ्यांना एकदम उत्तर देते, मध्ये सबमिशन चालू होतं.

काडी केली. कणकेची गोळी वाळून काडी सारखी पडत होती, मग बाबांनी कुठून तरी लोहचुंबक आणून सळईच उभी केली. मापं तुम्ही लिहिलीत त्याच्या एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे आली. फिरवून बघितल्यावर लोकस लाइन कळली. म्हणजे अशी कळली की रात्री आईला समजावून सांगितली. ती ‘हं हं’ म्हणत भाजी निवडत होती, तरी.

बाबांना ताईंनी सांगितलं तसं वस्तू देऊन विचारलं. त्यांनी मागच्या दाराची कडी काढून आणली आणि म्हणाले, ‘हिची तीन बाजूंनी चित्रं काढ, माप मी सांगतो.’ मी काढली, मला वाटलं झकास आलीत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, स्क्रूची भोकं कुठायत? मी म्हटलं, बाजूने बघितलं की ती दिसत नाहीत. तर म्हणाले, ‘दिसत नाही म्हणून नाहीच का? मी याच्यावरून कडी केली तर ती दाराला कशाने बसवू?’ मग त्यांनी तुटक रेघांनी भोकं काढून दिली, मधून एक बारीक साखळी-रेघ पण मारली. कॉलेजात हिडन लाइन आणि सेंटर लाइनचा तक्ता वहीत उतरवला होता आम्ही. तो तक्ता कशासाठी होता ते कडीवर कळलं. मग ते थांबेचनात. जेवणं होईपर्यंत सांडशी, कुलूप आणि कुकरची शिट्टी एवढं झालं. शिट्टीचा सेक्शन काढायला लावला. आई म्हणाली, शिट्टी परत बसवल्याशिवाय भात मिळणार नाही.

शिडीचं गणित पण केलं. वजन आणि लांबी कटली तेव्हा मला वाटलं काहीतरी चुकतंय, म्हणून परत केलं. परत कटली. बाबा म्हणाले, ‘शिडी लावताना आम्ही लांबी कधी बघत नाही, पाय किती बाहेर आलाय ते बघतो.’

काका, वही सुरू केलीय. गुजरातीत लिहितेय, तेच पटकन येतं. क्लास सध्या लावत नाही. ब्रँच बदलायचा अर्जही तसाच ठेवलाय. आत्याला विनोबांचं सांगितलं, ती म्हणाली ते वेगळे होते.

आता एक नवीन घोटाळा. बाबा टॉप व्ह्यू वर काढतात, फ्रंट व्ह्यूच्या डोक्यावर. कॉलेजात खाली काढतो. मी त्यांना बिजागरीची गोष्ट सांगितली, जमीन खाली पडते वगैरे. ते म्हणतात मी इतकी वर्षं ड्रॉइंग वाचतोय, टॉप म्हणजे वरच असणार ना. दोघांपैकी बरोबर कोण? आमच्याकडे यावरून जेवताना वाद चाललाय.

---

टू_एच

दोघंही. तुमचं कॉलेज भारतीय मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल वापरतं, त्यात वस्तू बघणाऱ्याच्या आणि पडद्याच्या मध्ये असते, म्हणून टॉप खाली जातो. बाबा काढतात ती थर्ड अँगल पद्धत, त्यात पडदा बघणारा आणि वस्तू यांच्या मध्ये काचेसारखा धरायचा. वरून बघितलेलं वरच्या काचेवर उमटतं, काच उघडली की टॉप वर राहतो. आमच्याकडे अमेरिकन गिऱ्हाइकाची ड्रॉइंग सगळी थर्ड अँगलमध्ये येतात. एकाच दिवसात दोन्ही हातात असतात आणि तेव्हा डोकं जागेवर ठेवावं लागतं. गफलत झाली तर पार्ट आरशातल्यासारखा उलटा होतो, भोक डावीकडचं उजवीकडे.

वाद मिटवायचा तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक बघा. तिथे टोक कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं आणि त्याच्या बाजूला एकात एक दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या रुंद तोंडाकडे असतील तर फर्स्ट अँगल, अरुंद तोंडाकडे असतील तर थर्ड. का ते मी सांगत नाही. गाजराचं टोक काप, डावीकडून बघ आणि दोन्ही पद्धतींनी काढ. बाबांनाही काढायला लाव, वेगळ्या कागदावर.

परीक्षेत मात्र शीटवर ते चिन्ह न विसरता काढ आणि टॉप खालीच ठेव. तिथे बाबांचं ऐकू नकोस.